वरची धार

बसा मंडळी, बसा! मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, देवाच्या दारात लाजायचं काय? माईक खांबापर्यंत ऐकू येतोय का? येतोय. मृदंगबुवा, हात शेकून झाले? मग एकदा मोकळ्या गळ्यानं म्हणा — विठ्ठल विठ्ठल!

हां! आता कसं, जेवून आल्यासारखा आवाज निघाला.

तर आज तुम्हांला एक प्रश्न विचारतो. वरवर सोपा आहे, पण उत्तर द्यायची घाई करू नका. कमी देणं हे पाप, हे तर सगळ्यांना मान्य? दुधात पाणी घातलं — पाप. मापात मारलं — पाप. पाहुण्याला पातळ आमटी वाढली आणि तळाची डाळ आपण ठेवली — तेही पापच! मग जास्त देणं म्हणजे काय?

बघा, आयाबाया एका सुरात म्हणाल्या, 'पुण्य!' पुरुष मंडळी गप्प. त्यांना द्यायची सवय नाही, बिचारे काय बोलणार! पण मंडळी, ऐका. आज मी तुम्हांला अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्यानं आयुष्यात कुणाला कधी कमी दिलं नाही. जास्तच दिलं. आणि त्या जास्तीनं त्याच्या घरातलं माणूस जाता जाता राहिलं!

कारवाडी नावाचं एक गाव. डोंगराच्या कुशीत, तालुक्यापासून घाट चढून जावं लागतं. तिथं निवृत्ती गवारी नावाचे गृहस्थ. धंदा दुधाचा. सकाळी जुन्या जीपमध्ये कॅन भरायचे आणि घाटाखालच्या वस्त्यांवर दारोदार रतीब घालायचे. माणूस कसा? उंच, काळासावळा, डोक्याला पागोटं, आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. पण मन म्हणाल तर लोण्याचं!

आणि निवृत्तींची एक रीत होती. लिटरचं माप काठोकाठ भरून पातेल्यात ओतायचं, आणि मग कॅनमधून आणखी एक धार वर सोडायची. वरची धार! त्यांचे वडील सोडायचे, आजा सोडायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "पुरे हो, निवृत्तीआण्णा!" तर हे म्हणायचे, "माप तुमचं, वरची धार माझी. मापानं व्यवहार होतो बाई, प्रेम व्हायला धारच लागती!"

वा! काय बोलला माणूस! असं ऐकलं की आपल्याला वाटतं, देव याच्या घरी पाणी भरत असेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण मंडळी, पाणी कोण भरत होतं आणि कुणासाठी भरत होतं, तिथंच तर गोष्ट आहे.

निवृत्तींची मंडळी — भामाबाई. बारीक चणीची, हसऱ्या तोंडाची बाई. तिच्या किडन्या गेल्या. आता किडनी गेली म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं. पाणी पोटात जातं, पण बाहेर पडायची वाट बंद. मग तालुक्याच्या दवाखान्यात ते डायलिसिसचं मशीन. आठवड्यातून दोनदा जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या, मशीननं रक्त धुऊन द्यायचं, साठलेलं पाणी ओढून घ्यायचं, आणि परत यायचं. वारी चुकली तर चालतं म्हणतात, पण ही चुकून चालायची नाही!

डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. म्हणाले, "आजींना दिवसाला एक तांब्या पाणी. त्यातच चहा आला, त्यातच आमटीचं पाणी, त्यातच गोळीवरचा घोट. जास्त झालं तर पाणी फुप्फुसात शिरेल. मग आमच्याही हातात काही राहणार नाही."

निवृत्तींची सून वनिता, अंगणवाडीत शिकवते. पोरगी चोख! रोज सकाळी तांब्या भरून ठेवायची. चहा केला की तेवढं पाणी तांब्यातून कमी. संध्याकाळी तांब्या पालथा. सासूबाईंचं तोंड कितीही सुकलं, तरी थेंब जास्त नाही. गावातल्या बायका काय म्हणाल्या असतील? सांगा बरं! "बघा बाई, सासूला पाण्याला महाग केलं!" म्हणाल्या की नाही? म्हणाल्याच! आपल्याकडं दुसऱ्याच्या घरातलं दुखणं कुणाला कळत नाही, पण दुसऱ्याच्या घरातली सून मात्र सगळ्यांना कळते.

आणि निवृत्तीआण्णा? त्यांच्या काळजाला घरं पडायची. दुपारी रतीब घालून घरी यायचे, तेव्हा वनिता अंगणवाडीत. घरात दोघंच. उन्हाळ्याचे दिवस. भामाबाई खाटेवर, ओठ सुकलेले. तोंडानं काही मागायची नाही हो ती बाई! नुसती माठाकडं बघायची. आता सांगा, ज्यानं जगाला वरची धार सोडली, त्यानं स्वतःच्या बायकोला कोरडं बघायचं? निवृत्ती उठायचे, वाटीभर ताक ओतायचे.

"घे भामे. एवढ्यानं काय होतंय?"

"अहो, वनिता रागवंल."

"तिला कोण सांगतंय! अन् दिलंय ते मापातलं न्हाई, माझ्याकडचं आहे."

बाई प्यायची. डोळे मिटून प्यायची. आणि निवृत्तींना वाटायचं, आज आपण काहीतरी केलं. कधी ताक, कधी चहा, कधी कलिंगडाची फोड. वनिताला पत्ता नाही! तिकडं पाय सुजायला लागले, तर सगळे म्हणाले, उन्हानं सुजले असतील.

आता इकडं जीपचं बघा. म्हातारी झालेली जीप, पण कारवाडीतून दवाखान्यात पोचवणारी तीच. एस.टी. भलत्या वेळेला, रिक्षा घाट चढत नाही. जीप उभी राहिली की भामाबाईचं मशीन चुकलं! त्या जीपच्या इंजिनातून ऑइल गळायला लागलं. निवृत्तींनी ठरवलं, गावातल्या कुणाकडं नको, सरळ कंपनीच्या वर्कशॉपला टाकू. कुठली कंपनी ते विचारू नका, माईक चालू आहे!

मशीनच्या दिवशी भामाबाईला दवाखान्यात सोडलं आणि जीप वर्कशॉपला नेली. तिथं काचेची केबिन, थंडगार हवा, गळ्यात पट्टा घातलेले पाठारे नावाचे साहेब. निवृत्तींनी हात जोडून सांगितलं, "साहेब, गाडी दुधाची आहे, पण त्याहून जास्त माझ्या पेशंटची आहे. कशात काही कमी ठेवू नका." साहेब म्हणाले, "काळजी सोडा, आजोबा!" जिथून गळत होतं ते पॅकिंग बदललं, नवं ऑइल भरलं, गाडी धुऊन चकचकीत करून दिली.

निवृत्ती जुना माणूस. गाडी ताब्यात घेताना त्यांनी बॉनेट उघडून ऑइलची काडी ओढून बघितली. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यांना ठाऊक असेल — काडीवर दोन खुणा असतात. एक खालची, एक वरची. ऑइल दोहोंच्या मधे पाहिजे. आणि इथं बघतात तर काय? ऑइल वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर!

आता तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? "अहो, जास्त झालंय, काढा." पण हा कोण? वरच्या धारेचा माणूस! त्यांचा चेहरा असा फुलला! मनात म्हणाले, 'वा रे वा! मोठी कंपनी, पण मन मोठं! आपण मापाचं सांगितलं, यांनी वर धार सोडली!' बॉनेट लावलं, साहेबांना रामराम केला, वर एक वाक्य बोलून आले, "तुमच्यात आमच्यासारखीच रीत आहे, बरं वाटलं." साहेबांना काही कळलं नाही. त्यांनीही हसून मान हलवली!

मंडळी, असं पोट वरपर्यंत भरलेलं इंजिन घरी आलं. हसू नका, पुढं ऐका.

नंतरचे दोन-तीन दिवस गाडी रतीबाला गेली. थोडा धूर टाकायची. निवृत्ती म्हणायचे, नवीन ऑइल आहे, बसेल हळूहळू. जळका वास यायचा. म्हणायचे, नवीन पॅकिंग आहे. माणसाला एकदा वाटलं ना, की समोरच्यानं आपलं भलंच केलंय, की मग नाकाला वास आला तरी तो नाकाला दोष देतो!

मग मशीनचा दिवस उजाडला. भामाबाईला पुढच्या सीटवर बसवलं. आज तिची तब्येत ठीक नव्हती. रात्रभर उशीला टेकून बसलेली, आडवं झालं की दम कोंडायचा. निवृत्ती हळूहळू घाट उतरायला लागले. सपाटीला लागून पुढचा चढ आला, तसा मागून धूर! निळापांढरा, दाट. मागची मोटारसायकल दिसेना! इंजिनाचा आवाज बदलला. निवृत्तींनी झटकन गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. सगळीकडं ऑइल उडालेलं. काडी ओढली, तर काडीवर ऑइल कुठं होतं? फेस होता, फेस! ताक घुसळल्यावर येतो तसा.

काय झालं होतं? ऐका, हे समजून घ्या. इंजिनाच्या पोटात एक दांडा गरागरा फिरत असतो. ऑइल मापात असलं तर ते खाली राहतं आणि पंप ते सगळीकडं पोचवतो. जास्त झालं की तो दांडा त्या ऑइलातच बुडून फिरतो, घुसळण होते, फेस होतो. आणि फेसानं वंगण होत नाही हो! पोटात भरपूर आहे, पण जिथं पाहिजे तिथं पोचत नाही. इंजिन भरल्या पोटी कोरडं मरतं!

निवृत्ती डोक्याला हात लावून रस्त्याच्या कडेला बसले. भामाबाई सीटवरून बघत होती. धापा टाकत, एकेक शब्द करत म्हणाली, "अहो... हिलापण... माझ्यावाणीच झालंय वाटतं."

निवृत्तींनी वर बघितलं. बायकोचे ओठ निळे पडले होते! पायांकडं नजर गेली, तर चपलेचे पट्टे सुजेत रुतलेले. मंडळी, त्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली. 'गाडी गेली खड्ड्यात!' म्हणाले. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरून. झेंडूच्या फुलांचा टेम्पो येत होता. ड्रायव्हरनं बघितलं, काही विचारलं नाही, पुढचा माणूस मागं फुलांत बसवला आणि भामाबाईला घेतलं. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, बाकी आपल्या कीर्तनानं थोडंच चालतं!

दवाखाना. सिस्टरनं वजनकाट्यावर उभं केलं आणि दचकलीच. "आजी! एवढं पाणी? कुठून आलं हे? वनिता तर मापून देते ना?"

भामाबाई भिंतीकडं बघत राहिली. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. सिस्टर रागानं म्हणाली, "म्हणजे ती खोटं बोलते तर! येऊ द्या तिला."

आणि निवृत्ती? उभे होते तिथंच, चपला बघत. तोंडाशी आलं होतं, 'मी दिलं.' पण बाहेर पडलं नाही. सुनेवर आळ गेला, आणि ज्यानं दिलं तो गप्प! भामाबाईला ऑक्सिजन लावला, मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, "आज सांगता येत नाही. बाहेर थांबा."

बाहेर थांबायचं म्हणजे काय असतं, तुम्हांला माहीत आहे. बाकडं असतं, पण बसवत नाही. निवृत्तींना बसवेना. स्वतःवर आलेला राग माणूस कुठं घेऊन जातो? दुसऱ्याच्या दारात! ते तडक वर्कशॉपला गेले. टेम्पोवाल्यानं तेवढ्यात फोन करून जीप ओढून आणायची सोय केली होती. जीप दारात, आणि निवृत्ती काचेच्या केबिनमध्ये!

"कुणी भरलं माझ्या गाडीत ऑइल? बाहेर बोलवा त्याला!"

पाठारे साहेब म्हणाले, "आजोबा, शांत व्हा. आमच्याकडून जास्त जाणं शक्य नाही. आणि थोडं जास्त असलं तरी इंजिनला चांगलंच की!"

निवृत्ती चमकले. हे वाक्य कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. कुठं, ते तेवढ्यात आठवेना. त्यांनी काडी ओढली आणि साहेबांच्या टेबलावर धरली. फेस टपटप गळाला. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही मेकॅनिकना बोलावलं. एक शेलार, एक मुजावर.

मुजावर म्हणाला, "साहेब, पॅकिंग बसवून मीच ऑइल भरलं. मापात भरलं. मग मी जेवायला गेलो."

शेलारनं खाली बघितलं. म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं ह्यानं भरलंय. मी आल्यावर आणखी डबा ओतला."

निवृत्तींच्या अंगाचा नुसता तिळपापड. आवाज चढला, "अरे, ओतायच्या आधी काडी बघायची न्हाई? विचारायचं न्हाई?"

शेलार हळू आवाजात म्हणाला, "चुकलं, बाबा. तुम्ही साहेबांना सांगताना मी ऐकलं होतं, गाडी पेशंटची आहे, कमी पडू देऊ नका. वाटलं, चार थेंब जास्त गेले तर जाऊ देत. चांगल्या मनानंच ओतलं."

"चांगल्या मनानं?" निवृत्ती ओरडले. "मनाचं काय करू मी? आधीच कुणी भरलंय का, एवढं एक विचारलं असतंस तर तिच्या—"

आणि मंडळी, निवृत्ती तिथंच थांबले. 'तिच्या' म्हणाले, गाडीच्या नाही म्हणाले. डोळ्यांसमोर काय उभं राहिलं? सकाळी वनितानं भरलेला तांब्या. दुपारी स्वतःच्या हातातली वाटी. एकानं मापून भरलं, दुसऱ्यानं न विचारता ओतलं. आणि दुसरा म्हणतोय, चांगल्या मनानं!

उंचापुरा माणूस, मटकन खाली बसला. तिथंच, ऑइलच्या डागांवर. केबिनमधल्या लोकांना वाटलं, चक्कर आली. शेलारनं पाणी आणलं. निवृत्तींनी हात आडवा केला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "माझ्या बाईला मी मारलं रे," म्हणाले. "तू माझ्या गाडीचं केलंस, मी माझ्या बाईचं केलं."

खरी माणसं होती हो ती, चूक झाली म्हणून काय झालं! त्यांनी जीप आत घेतली, सगळं ऑइल खाली सोडलं, नवं भरलं, या वेळी दोघांनी मिळून काडी बघितली. शेलार म्हणाला, "बाबा, तुम्ही लगेच बंद केलीत म्हणून इंजिन वाचलं. आणखी चढ चढला असता तर जागेवर बसलं असतं." निवृत्तींनी ऐकलं, आणि हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक.

जीप घेऊन दवाखान्यात आले. दारात वनिता उभी! दवाखान्याचा फोन गेल्यावर अंगणवाडीतून तशीच, मिळेल त्या गाडीनं धावत आलेली, पदर खोचलेला, डोळे लाल. सिस्टरनं तिला जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आणि पोरगी काय म्हणाली असेल? काही नाही! म्हणाली, "आत्याबाईंचा दम आता कमी झालाय, मामा. डॉक्टर म्हणाले, पाणी ओढलं जातंय."

निवृत्तींचा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी सुटका मानली नाही. सरळ आत, मशीनच्या खोलीत सिस्टरपुढं गेले. सगळ्या पेशंटांच्या देखत म्हणाले, "सिस्टर, पोरीला बोललात ते परत घ्या. ती मापूनच देती. चोरून मी पाजतो. ताक मी दिलं, चहा मी दिला." मग सुनेकडं वळले. "वनिता, मला जोड्यानं मार."

मंडळी, सासऱ्यानं सुनेपुढं मान खाली घालणं — जमेल का आपल्याला? बघा, आता आयाबाया हसतायत आणि पुरुष मंडळी घड्याळं बघतायत!

वनिता रडली. म्हणाली, "मामा, मला राक्षसीण म्हणायचे लोक, ते मी सोसत होते. पण तुम्हीपण तसंच समजत होता व्हय?"

मशीनवर पडल्या पडल्या भामाबाईनं हात वर केला. म्हणाली, "पोरी, त्यांना एकट्यांना बोलू नगं. मला कळत हुतं, जास्त होतंय. पण त्यांचं तोंड असं उजळायचं वाटी देताना... मला पुरे म्हणवंना." घ्या! देणारा थांबेना, घेणारी पुरे म्हणेना, आणि दोघांमध्ये प्रेम एवढं, की एक जीव जायची वेळ आली!

भामाबाई वाचली, मंडळी. घरी आली. पण गोष्ट घरी येऊन संपली असं नका समजू, खरी परीक्षा पुढंच होती. चार दिवसांनी ऊन असं तापलं की पत्र्यावर पाखरू बसेना. दुपारची वेळ, वनिता अंगणवाडीत, घरात दोघंच. तांब्यात संध्याकाळपुरतं पाणी राहिलेलं. भामाबाईच्या घशाला कोरड पडली. आजवर तोंडानं न मागणारी बाई, त्या दिवशी मागून बसली.

"अहो, एक घोट द्या ना. एकच."

निवृत्ती उठले. माठापाशी गेले. हात माठावर ठेवला. आयुष्यभर त्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती — ओतायची! माठ गार होता. तसेच परत आले, खाटेजवळ खाली बसले, आणि म्हणाले, "न्हाई, भामे."

"एवढं कठीण मन केलंत?"

"केलं."

ती रुसली, भिंतीकडं तोंड करून पडली. निवृत्ती तिच्या पायाशी बसून राहिले. सूज उतरलेले, बारीक झालेले ते पाय चेपत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसलं नाही. बऱ्याच वेळानं ती तशीच, पाठमोरी, म्हणाली, "अहो, तुम्हीपण सकाळपासून पाणी पिला न्हाईत. जा, प्या."

आता सांगा मंडळी! त्या माणसानं आयुष्यात दिलेलं सगळ्यांत मोठं दान कुठलं? हजारो घरांत सोडलेली ती धार, की तो एक 'न्हाई'?

सुरुवातीला मी विचारलं होतं, जास्त देणं म्हणजे काय? तुम्ही म्हणालात, पुण्य. आता म्हणा बघू! ... आवाज नाही! हरकत नाही. विचार करताय, तेवढंही पुष्कळ झालं.

आपण देतो मंडळी, देतोच. पोराला मोबाइल देतो, नातवाच्या हातात खाऊ कोंबतो, पोरीच्या संसारात सल्ला ओततो, साखर असलेल्या बापाला पेढा भरवतो आणि म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय!" समोरच्याला पाहिजे म्हणून देतो का, की त्याचं तोंड उजळलं की आपल्याला बरं वाटतं म्हणून? हे ज्याचं त्यानं, अंथरुणावर पडल्यावर, देवाला साक्षी ठेवून विचारावं. मी विचारून बघितलंय. उत्तर गोड येत नाही.

तेव्हा एवढंच करा. घरी जा. ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे ना, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "बाबा रे, माझं तुला जास्त होतंय का?" तो लाजेल, 'नाही नाही' म्हणेल. थांबा. पुन्हा विचारा. आणि तो 'पुरे' म्हणाला, तर रागावू नका, रडू नका. नुसता हात मागं घ्या, आणि जवळच बसून राहा.

म्हणा मंडळी, त्या आईबापासारख्या विठूचं नाव घ्या, आणि मापात राहायची बुद्धी मागा — विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल!